इंडिका व्ही२ची सिटीरोव्हर: इंदूरमधल्या कामाच्या नोंदी

गाडी टाटा इंडिका व्ही२, पेट्रोल, २००५ची, चंदेरी, एमपी ०९ पासिंग. बाबांनी नवीकोरी घेतलेली. इंजिनला हात लावायचा नाही, आतलं काही बदलायचं नाही. बाहेरून मात्र ती सिटीरोव्हर दिसली पाहिजे, एवढं काम.

ज्यांनी सिटीरोव्हर पाहिली नाही त्यांच्यासाठी: ती आपली इंडिकाच. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यात बनायची आणि २००३च्या अखेरीपासून एमजी रोव्हर ती ब्रिटनमध्ये विकत होती. १.४ पेट्रोल इंजिन, किंमत ६,४९५ पौंडांपासून पुढे. एप्रिल २००५मध्ये एमजी रोव्हरचं दिवाळं वाजलं आणि सिटीरोव्हरही थांबली. ट्युरिनच्या आयडिया या डिझाइन संस्थेबरोबर आखलेली, पिंपरीत जुळवलेली मराठी मुलखातली गाडी बर्मिंगहॅमच्या नावाने रस्त्यावर धावली, याचं मला पहिल्यापासून अप्रूप आहे. त्या रूपातली एक गाडी इंदुरात असावी असं मनापासून वाटतं, म्हणून हा खटाटोप.

परदेशी रूप चढवायला ही गाडी सोपी आहे. ब्रिटनमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असतं, त्यामुळे वायपर, डॅशबोर्ड, हेडलाइटच्या झोताची दिशा, यातल्या कशालाच धक्का लागत नाही. ज्यांना अमेरिकन किंवा जर्मन रूप करायचं आहे त्यांना ही सवलत नाही.

११ फेब्रुवारी २०२४

मापांपासून सुरुवात. खरा बंपर समोर ठेवून माप घ्यायची सोय इथे नाही. इंग्लंडहून जुना बंपर मागवायची चौकशी केली. कुरियरवाले हलक्या पण अवजड वस्तूचं भाडं आकारमानावर लावतात. भाड्याचा आकडा बंपरच्या किमतीच्या कितीतरी वर गेला, कस्टम वेगळं. तो विषय तिथेच बंद, उरले फोटो.

फोटोवरून माप काढायचं तर त्यात ठाऊक लांबीचं काहीतरी हवं. ब्रिटनची नेहमीची नंबर प्लेट ५२० मिमी लांब आणि १११ मिमी उंच असते. ती मोजायची आणि तिच्या प्रमाणात बाकीचं काढायचं. या हिशेबाने पुढच्या जाळीचा पुठ्ठा कापला, गाडीला लावला, तर तो दोन्ही बाजूंनी कमी पडला.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते साधं निघालं. प्लेट जाळीच्या पुढे असते, म्हणजे कॅमेऱ्याला जास्त जवळ. ती खऱ्यापेक्षा मोठी दिसते आणि तिच्या मापाने मागच्या सगळ्या वस्तू लहान निघतात. गाडीच्या तोंडाशी उभं राहून काढलेल्या फोटोत हा फरक फार. आता फक्त लांबून, झूम करून काढलेले फोटो घेतो आणि प्लेटऐवजी बोनेटच्या पत्र्याची रुंदी धरतो. तो पत्रा आपल्याच गाडीवर टेपने मोजता येतो. नवा पुठ्ठा नीट बसला.

२५ फेब्रुवारी

काय बदलायचं ते ठरवलं. पुढची जाळी: क्रोमची कड आणि मधोमध रोव्हरचं वायकिंग गलबत. पुढचा आणि मागचा बंपर, दोन्ही गाडीच्या रंगाचे. १३ऐवजी १४ इंची चाकं. मागचा फॉगलॅम्प. रोव्हरने सस्पेन्शनही २० मिमी खाली बसवलं होतं, त्याचं नंतर बघू.

कायद्याचं आत्ताच लिहून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. म्हणून गाडीचा सांगाडा कुठेही कापायचा नाही. जे लागेल ते नटबोल्टवर आणि मूळ भाग परत चढवता येईल असंच. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते, म्हणून रंग चंदेरीच. नंबर प्लेट आपली हाय सिक्युरिटीचीच राहणार. पांढरी-पिवळी विलायती प्लेट लावायचा विचारही नको. आपली प्लेट ५०० बाय १२० मिमी, म्हणजे विलायतीपेक्षा आखूड पण उंच. बंपरमधला खळगा त्यांच्या मापाने केला तर आपली प्लेट त्यात बसत नाही. साचा करण्याआधी हे ध्यानात आलं ते बरं झालं.

९ मार्च

देवास नाक्याकडच्या एका कबाड्याकडून इंडिकाचे दोन जुने बंपर आणले, पुढचा आणि मागचा, २,६०० रुपयांत. पुढच्या बंपरवरच पुट्टी चढवून आकार द्यावा, साच्याची भानगड वाचेल, असा बेत होता.

ते जमलं नाही, आणि जमणारही नव्हतं. बंपरच्या आतल्या बाजूला छाप असतो, पीपी अधिक ईपीडीएम. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात रबराचा अंश. याला नेहमीची पॉलिएस्टर पुट्टी धरत नाही. खरवडून, साफ करून, प्लास्टिक प्रायमर मारून चढवली. वाळल्यावर दगडासारखी वाटत होती. बंपरचा कोपरा हाताने जरा दाबला आणि पुट्टीचा सबंध थर पोपड्यासारखा निघून आला. प्लास्टिक वाकतं, पुट्टी वाकत नाही. प्रायमरने चिकटली तरी पहिल्या धक्क्याला तडकणारच. बारीक ओरखडा असेल तर प्लास्टिकसाठीची लवचीक पुट्टी चालते. ३०-४० मिमीचा नवा आकार मात्र तिच्याने उभा करता येत नाही.

रस्ते दोन राहिले. पीपीचीच कांडी घेऊन हॉट एअर गनने तुकडे वेल्ड करणं, किंवा सरळ साचा करून फायबरचा बंपर ओतणं. वेल्डिंग मी मागच्या बंपरला वापरलं, तिथे बदल थोडा होता. पुढच्याला साचा.

३० मार्च

रंगपंचमी. गेरच्या मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद, सियागंजची दुकानंही बंद. फायबर ओतायचं रेझिन मिळालं नाही.

१४ एप्रिल

जुन्या बंपरवर कडक फोम चिकटवून आकार कोरला. पुट्टी पीपीवर टिकत नसली तरी इथे तिला टिकायची गरज नाही. साचा निघेपर्यंत जागेवर राहिली की झालं. आधी खडबडीत कागद, मग ४००, ८००, १०००चा वॉटर पेपर. डावं-उजवं सारखं आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. डाव्या बाजूचे पुठ्ठ्याचे छेद कापायचे आणि उलटे करून उजवीकडे लावायचे. जिथे उजेड दिसेल तिथे भर.

मग मेणाचे थर, त्यावर पीव्हीए (साचा चिकटू नये म्हणून), त्यावर जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत थर), त्यावर काचेच्या धाग्यांची फायबर मॅट. बंपरचे दोन्ही टोकांचे कोपरे आत वळतात, म्हणून साचा एकसंध केला तर वस्तू आत अडकते. मी तो तीन तुकड्यांत केला, मधे बोल्टची पट्टी ठेवून. मेणात कंजुषी करू नका. एका कोपऱ्यात थर पातळ राहिला आणि तिथला जेलकोट उचकटून आला. तो भाग परत घासून भरण्यात सबंध रविवार गेला.

५ मे

बंपर ओतायला घेतला आणि इंदूरचा मे महिना आडवा आला.

एप्रिलच्या सकाळी मी रेझिनमध्ये दीड टक्का हार्डनर टाकत होतो आणि आरामात काम होत होतं. पारा चाळिशीच्या वर गेल्यावर तेच प्रमाण घेतलं तर ब्रश फिरवेपर्यंत डब्यातलं रेझिन जेलीसारखं झालं, तापलं आणि धूर सोडू लागलं. डबा अंगणात नेऊन वाळूत ठेवला. आता सकाळी सहाला काम, हार्डनर एक टक्का, आणि एका वेळी वाटीभरच रेझिन. रुंद, उथळ भांडं घ्या. खोल डब्यात उष्णता कोंडते आणि रेझिन आणखी लवकर जमतं.

हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन जमण्याचा वेग वाढवणारं रसायन) हे दोन्ही सुटे मिळत असतील तर ते कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळायचं, हार्डनर त्यानंतर. सियागंजात दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत घालून देतात. मी त्या वेगळ्या आणतो आणि वेगळ्या कपाटात ठेवतो. आधीच कोबाल्ट घातलेलं रेझिन मिळत असेल तर तेच घ्या.

दुसरी अडचण जेलकोटची. साच्यातून पहिला बंपर सुटला तेव्हा मधल्या भागावर मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या होत्या. जेलकोट पातळ बसला होता आणि पुरता जमला नव्हता. त्यावर रेझिन आलं की त्यातलं स्टायरीन कच्च्या जेलकोटला फुगवतं. थर अर्धा मिलिमीटर तरी हवा, आणि बोट लावल्यावर चिकट लागला पाहिजे पण बोटाला काही येता कामा नये, तेव्हाच पुढची मॅट. तो बंपर फुकट गेला. दुसरा बरा निघाला. बोल्टच्या जागी मॅटच्या थरांत लोखंडी पट्ट्या गाडल्या आहेत.

हा बंपर मुद्दाम गच्चीवर उन्हात टाकला आहे. फायबर नंतरही हळूहळू पक्कं होत राहतं. घाईने रंगवलं तर काही आठवड्यांनी उन्हात मॅटचे धागे रंगातून उमटतात. मेच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

१९ मे

जाळी थ्रीडी प्रिंट करून घेतली. दुकानदाराने पीएलए या प्लास्टिकमध्ये केली, १,९०० रुपये. हातात अप्रतिम दिसत होती. बसवून गाडी दुपारी बाहेर उभी केली. संध्याकाळी वरची कड मधोमध झुकलेली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या नाकाशी, त्यात रेडिएटरची धग, तेवढं तापमान सहज होतं. परत एएसएमध्ये करून घेतली, ३,८०० रुपये. हे प्लास्टिक शंभर अंशांपर्यंत दाद देत नाही आणि उन्हाने पिवळंही पडत नाही. दुकानदार काही म्हणो, बाहेर लावायच्या वस्तूला पीएलए नको.

क्रोमच्या कडेसाठी स्प्रे करून पाहिला. तो राखाडी आरशासारखा दिसतो, क्रोमसारखा नाही. शेवटी ॲक्सेसरीच्या दुकानातली क्रोम बीडिंग दुतर्फी टेपने लावली. कोपऱ्यांत ती हेअर ड्रायरने तापवून वळवायची, नाहीतर थंड झाल्यावर सुटते.

९ जून

आजची नोंद लांब आहे. हे काम करू पाहणाऱ्याने बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं.

नवा बंपर आणि जाळी तात्पुरती बसवली. डाव्या हेडलाइटखाली फट ४ मिमी, उजव्याखाली ११. जाळी सरळ लावली तर बोनेटची कड तिरकी दिसते, बोनेटला समांतर लावली तर बंपर तिरका. मला वाटलं साचा वाकडा निघाला. बंपर काढून जमिनीवर ठेवला, मापं घेतली: दोन्ही बाजू सारख्या. मूळ इंडिकाचा बंपर परत लावला तर त्याचीही फट तशीच. इतकी वर्षं आम्ही ती रोज बघत होतो आणि कुणाच्या नजरेत आली नव्हती.

पोलोग्राउंडजवळच्या एका जुन्या डेंटरकडे गाडी नेली. उस्तादांनी बंपरकडे पाहिलंही नाही. गाडीच्या बाजूने चालत मागे गेले, मागचं दार उघडलं, लावलं, पुढचं उघडलं आणि हाताने वर उचलून बघितलं. दार बिजागरीत चांगलं हललं. म्हणाले, "भिया, पहले दरवाजे की सुध लो, नाक तो कहीं नी जा री."

त्यांची पद्धत अशी. मागच्या चाकावरचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही. म्हणून मोजमाप तिथून सुरू. आधी मागचं दार त्या पत्र्याला जुळवायचं, मग पुढचं दार मागच्या दाराला, मग फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) पुढच्या दाराला, मग बोनेट दोन्ही फेंडरना, मग हेडलाइट, आणि सगळ्यात शेवटी जाळी आणि बंपर. नाकापासून सुरुवात केली की मागची प्रत्येक चूक नाकावर येऊन साचते. मी फेब्रुवारीपासून ज्या टोकाशी झटत होतो ते या साखळीचं शेवटचं टोक आहे.

पुढच्या उजव्या दाराच्या बिजागरीच्या पिना झिजलेल्या होत्या, त्या बदलल्या. दार जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून तोलायचं, बिजागरीचे बोल्ट सैल करायचे, थोडं वर घेऊन कसायचं. कुलपाचा खुंटा सगळ्यात शेवटी लावायचा. आधी लावला तर तोच दाराला ओढून जागेवर आणल्याचा भास करतो. फेंडरच्या बोल्टची भोकं लांबट असतात, तेवढी जागा पुरते. नाही पुरली तर खाली यू आकाराचे पातळ वॉशर. बोनेटची उंची पुढच्या दोन रबरी बुचांवर. ती फिरवली की कड वरखाली होते, आणि हे काम फुकटात होतं.

मोजायला मामांनी सांगितलेली युक्ती वापरली. ते पुण्याला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होते. फोनवर म्हणाले, "टेपने फट मोजू नकोस रे, पट्ट्या कर." ॲक्रिलिकच्या ४, ५ आणि ६ मिमी जाडीच्या पट्ट्या कापून घेतल्या. ५ची आत जाते आणि ६ची जात नाही, म्हणजे फट ठीक. पट्टी फटीतून वरपासून खालपर्यंत ओढत न्यायची. कुठे अडकते ते लगेच हाताला कळतं.

२३ जून

सगळी दारं जुळल्यावरही उजव्या हेडलाइटखालची फट राहिलीच. उस्तादांनी बोनेट उघडून दोन्ही कर्ण मोजायला लावले, डाव्या मागच्या बिजागरीपासून उजव्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. दोन्हींत ९ मिमीचा फरक. रेडिएटरची चौकट एका बाजूला सरकलेली होती. कधीतरी पुढून ठोकर लागली होती आणि तेव्हा ज्याने काम केलं त्याने चौकट तशीच ठेवून फेंडर ओढून बसवला होता. साखळी लावून चौकट ओढली, कर्ण जवळजवळ सारखे झाले. बंपर लावला: डावीकडे ५, उजवीकडे साडेपाच. साच्यात काही दोष नव्हता.

रनिंग बोर्डच्या खालची पाणी जायची भोकं मातीने बुजली होती, आत गंज. भोकं मोकळी केली, गंज काढून प्रायमर आणि मेणाचा स्प्रे मारला. पुट्टीने गंज झाकू नका, तो आतून वाढतच राहतो.

डेंटिंगची मजुरी १६,०००. या सगळ्या खर्चातला सगळ्यात सार्थ खर्च हाच. जाळी अजून लावलेली नाही, रंग नाही, तरी गाडी वेगळी दिसते आहे. बाबा दार लावून म्हणाले, "अरे, आवाजच बदलला याचा." खरं आहे, आधी पत्रा वाजायचा, आता नुसता खट्ट आवाज येतो.

सिटीरोव्हरच्या फोटोंत गाडी नीटस दिसते ती बरीचशी सरळ रेषांमुळे, असं मला आता वाटतं. खिळखिळ्या गाडीवर क्रोमची जाळी लावली तर डोळा पहिल्यांदा वाकड्या फटीवरच जातो.

१४ जुलै

पाऊस. पेंटरकडे भट्टी नाही, उघड्या शेडमध्ये काम. सरफेसरचा (रंगाआधीच्या थराचा) नमुना मारला तर कडेने बारीक फोड आले. टूके रंगाचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीही जुळतो आणि बुडबुडे सोडतो. कम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावला, तरी हवाच दमट. काम थांबवलं. ज्यांच्याकडे भट्टी आहे ते अडीचपट मागतात. पाऊस ओसरेपर्यंत रंग नाही.

४ ऑगस्ट

चाकं. इंडिकाला चार नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी. त्या मापाची जुनी १४ इंची अलॉय चाकं १४,०००ला मिळाली. घेताना मधलं भोक हबवर नेमकं बसतं का आणि चाक मडगार्डच्या बाहेर येत नाही ना, हे लावून बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

टायरचं गणित. मूळ १६५/६५ आर १३चा व्यास साधारण ५४५ मिमी. १७५/६५ आर १४ घेतला तर ५८३, म्हणजे सात टक्के जास्त: स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ने धावत असेल, आणि पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. मी १६५/६५ आर १४ घेतले, व्यास ५७०. तरीही पावणेपाच टक्के फरक राहतोच. ६०वर खरा वेग जवळजवळ ६३, एवढं चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचं. चार टायर १६,८०० रुपये.

२५ ऑगस्ट

स्प्रिंगांचा प्रश्न. मोठ्या टायरमुळे गाडी साधारण १३ मिमी वर आली. रोव्हरने १४ इंची चाकांबरोबर गाडी २० मिमी खाली घेतली होती, त्याचं कारण आता कळतं: चाकाने जेवढी वर जाते तेवढी स्प्रिंगने खाली आणायची, म्हणजे गाडीची उंची तीच राहते आणि मडगार्डखालची पोकळी मात्र भरून निघते.

एका मेकॅनिकने गॅसवर स्प्रिंग तापवून बसवून देतो म्हटलं, ५०० रुपये. तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि ती स्प्रिंग कधी बसेल किंवा तुटेल याचा भरवसा नाही. असं कुणीही करू नका. वेगळ्या मापाच्या स्प्रिंग वळवून देणारे आहेत, पण इंडिकाला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म (चाक धरणारे तिरके दांडे) आहेत. गाडी खाली बसली की मागच्या चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो. रोव्हरकडे तो हिशेब करायला इंजिनिअर होते. माझ्याकडे ओळंबा आणि दोरी आहे, शिवाय कलम ५२ आहेच.

जुन्या स्प्रिंग मात्र वेगवेगळ्या बसलेल्या होत्या, मागची डावी सगळ्यात खाली. चारही मूळ मापाच्या नव्या घातल्या, ७,२००. गाडी आणखी उचलली गेली. बाजूने पाहिलं तर मागच्या चाकावर हाताची चार बोटं जातील एवढी पोकळी दिसते. इथे माझी गाडी सिटीरोव्हरपेक्षा वेगळी आहे आणि तशीच राहील. फोटोत हा फरक डोळ्यांत भरतो आणि मला तो खटकतो, पण बाबा अजून ही गाडी घेऊन उज्जैनला जातात.

२२ सप्टेंबर

रंग. चंदेरी हा जुळवायला सगळ्यात अवघड रंग. त्यातले ॲल्युमिनियमचे कण कसे आडवे पडतात यावर छटा ठरते. ओला जाड हात मारला की कण बुडतात आणि रंग गडद दिसतो. कोरडा मारला की फिकट. डब्यावरचा नंबर तोच असूनही गाडीच्या १९ वर्षं उन्हात राहिलेल्या दाराशी तो जुळत नाही.

पेंटर बंपर सुटा रंगवणार होता, नेहमीची रीत तीच. मी आग्रह धरला की बंपर गाडीवर बसवून, फेंडरबरोबर, त्याच गनने, त्याच दाबाने मारायचा आणि रंग पुढच्या दारांत विरवत न्यायचा. आधी पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारले, सकाळी उन्हात आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दारापाशी धरून पाहिले. ट्यूबखाली जुळलेला नमुना उन्हात हिरवट दिसत होता. तिसऱ्या मिश्रणावर एकमत झालं. मागचा बंपर, डिक्कीची खालची कड आणि मागचे कोपरेही याच पद्धतीने. २८,००० रुपये.

क्लिअर कोट मारताना पेंटरचा पोऱ्या तोंडाला रुमाल बांधून उभा होता. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला एकदा त्याचं वावडं जडलं की जन्मभर राहतं, आणि रुमालाने ते अडत नाही. दोन्ही बाजूंना डबी असलेले मास्क दोघांसाठी घेऊन दिले. हा खर्च कुणी टाळू नये.

६ ऑक्टोबर

इंग्लंडहून गलबताची खूण आणि मागची अक्षरं आली. जुनी, खरी, भाडं आणि कस्टम धरून ५,२००. रोव्हर हे नाव २००६मध्ये बीएमडब्ल्यूकडून फोर्डने घेतलं, आणि २००८मध्ये जॅग्वार लँड रोव्हरबरोबर ते टाटांकडे आलं. म्हणजे पिंपरीच्या गाडीवर पाहुणं म्हणून चढलेलं नाव आता त्याच घरचं आहे. मागे डावीकडे टाटांची खूणही मी तशीच ठेवली. आरसीवर टाटा इंडिकाच आहे, आणि विचारणाऱ्याला मी तेच सांगतो.

मागचा फॉगलॅम्प: ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८०पासून वापरात आलेल्या गाड्यांना मागे निदान एक लाल फॉगलॅम्प लागतो, मधोमध किंवा चालकाच्या बाजूला. म्हणून मागच्या बंपरमध्ये उजवीकडे बसवला. रिले असा जोडला की हेडलाइट चालू असेल तरच तो लागतो. वायरिंग धरून १,४५० रुपये. जानेवारीत पहाटे देवासच्या रस्त्यावर धुकं असतं तेव्हा याचा खरा उपयोग होईल. एरवी तो बंद ठेवायचा, मागच्याच्या डोळ्यांवर येतो.

१२ ऑक्टोबर

दसरा. गाडीला हार, पूजा. बंपरच्या उजव्या बोल्टपाशी केसासारखी चीर दिसली. फायबरचं भोक बोल्टच्या नेमक्या मापाचं होतं. पत्रा आणि फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत आणि ताण तिथेच आला. भोकं कानशीने लांबट केली, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर, बोल्ट हाताने लागेल तेवढाच. चीर आतून मॅट लावून भरली. पीपीचा बंपर अशा ठिकाणी निभावून नेतो, फायबर नेत नाही. पार्किंगमध्ये हलका धक्का लागला तरी तो तडकेल, म्हणून मूळ बंपर माळ्यावर जपून ठेवला आहे.

२७ ऑक्टोबर

एकूण खर्च किरकोळ सामानासह एक लाख पंधरा हजारांच्या आसपास. त्यात जेलकोटने वाया गेलेला बंपर आणि पीएलएची जाळी आली. फायबरचं सामान ११,४०० झालं. मे महिना टाळला असता तर ते दोन-तीन हजारांनी कमी झालं असतं. परत करायचं झालं तर क्रम असा ठेवीन: नोव्हेंबरात दारं आणि चौकट, डिसेंबर-जानेवारीत साचा आणि ओतकाम, ते पक्कं व्हायला फेब्रुवारी, मार्चमध्ये रंग. पावसाचा एकही महिना मधे येत नाही.

राहिलेलं: डिक्कीची उजवी फट वर ५ आणि खाली ७ मिमी आहे, बिजागरी सैल करून बघायची आहे. डाव्या कोपऱ्यात क्रोम बीडिंगचं टोक उचललंय, ते उन्हाळ्याआधी बदलायचं. साचा शाबूत आहे, तिन्ही तुकडे मेण लावून ठेवलेत. व्ही२ असलेल्या कुणालाही बंपर ओतून घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा, मात्र येताना आपल्या गाडीच्या बोनेटखालचे दोन्ही कर्ण मोजून या.